मामाचा पहिला आकडा

आमच्या घरात पैशाचं तोंडावर बोलायची पद्धत नव्हती. वडील शिक्षक, मी शिक्षिका, आणि लग्न ठरवताना देण्याघेण्याचं बोलणंसुद्धा मुलीला स्वयंपाकघरात पाठवून व्हायचं. धारवाडात मी जन्मभर मुलींना बास्केटबॉल शिकवलं, शिट्टी मारून मैदानभर पळवलं, पंचांशी हातघाईवर येऊन भांडले. पण एखाद्या मुलीला ‘तुला किती हवेत?’ असं विचारायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. त्याला मी खानदानीपणा समजत होते.

निवृत्तीनंतर एका क्लबच्या मुलींच्या संघाची मी प्रशिक्षक झाले. लीग सुरू झाली होती आणि मुलींना खेळायचे पैसे मिळू लागले होते, आमच्या पिढीच्या स्वप्नातही न आलेली गोष्ट. पैसे द्यायचे हुबळीतले एक कारखानदार. तेच क्लबचे अध्यक्ष. लीगचा नियम असा, की सगळ्या मुलींना मिळून वर्षाला ठरावीक रकमेच्या वर द्यायचं नाही. म्हणजे एकीच्या ताटात जास्त वाढलं की दुसरीच्या ताटातलं कमी होणार.

आमची सगळ्यात चांगली मुलगी कलघटगीची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तालुक्याच्या शाळेत. थ्रोबॉल खेळत होती आणि चेंडू डोक्यावरून जाऊच देत नव्हती. घरी आई एकटी, दुसऱ्यांच्या शेतात राबणारी. मी तिला धारवाडला आणलं, कॉलेजात घातलं, होस्टेल मिळेपर्यंत नवनगरला माझ्या घरी ठेवलं. मला अक्का म्हणायची. बघता बघता अशी तयार झाली, की समोरच्या संघाला दोन-दोन मुली तिच्या एकटीवर ठेवाव्या लागत. पहिला करार झाला तेव्हा नवखी होती, म्हणून मानधन अगदीच किरकोळ. त्या कराराचं आता एकच वर्ष उरलं होतं, आणि बेंगळुरूच्या संघांचा तिच्यावर डोळा होता.

नव्या कराराचं बोलायला अध्यक्षांनी तिच्या मामाला बोलावलं. तसं मीच सुचवलं होतं. मोठ्यांचं मोठ्यांनी बोलावं म्हणून. मामा कलघटगीच्या बाजारात मक्याचा व्यापार करणारा. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि एक आकडा सांगितला. तो दिला असता तर निम्म्या मुलींना घरी पाठवावं लागलं असतं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर. “बघू या,” अध्यक्ष म्हणाले. मामा क्षणभर घुटमळला, मग नमस्कार करून गेला. घासाघीस करणं आम्हा दोघांनाही बरं दिसलं नाही.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? मामाचा नाही, पोरीचा. माझ्या घरात राहिलेली पोर मामाच्या तोंडून एवढा आकडा पाठवते! त्यानंतर सरावात मी तिच्याशी कामापुरतंच बोलत राहिले. अध्यक्षांचं म्हणणं सरळ होतं. “बाई, वर्षभर थांबलो तर करार संपतोय, ती मोकळी होऊन जाणार आणि आपल्या हाती धुपाटणं. आज दुसऱ्या संघाला दिली तर बदल्यात दोन मुली मिळतात, दोघींचं मानधन मिळूनसुद्धा आपल्याला झेपतंय.” त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं आणि माझ्या रागाला ते सोयीचं पडलं. मी हो म्हणाले. बेंगळुरूच्या संघाशी फोनवर ठरलं, दोन आठवड्यांत सह्या झाल्या. खेळाडूला दुसऱ्या संघाकडे देण्याचा हक्क क्लबचा, असं तिच्या करारातच लिहिलेलं होतं. तिला विचारायची गरज नव्हती.

सांगायचं काम मात्र मी मागून घेतलं. शनिवारी सकाळी सराव संपल्यावर तिला घरी बोलावलं, पोह्यांची बशी तिच्या हातात दिली आणि सांगून टाकलं.

ती बशीकडे बघत राहिली. “कुणाच्या बदली?”

मी त्या दोन मुलींबद्दल सांगितलं.

“उंच हायत?”

“एक आहे.”

“बरं झालं. रिबाउंडचा चेंडू धरायला कोण न्हवतंच आपल्याकडं.” ‘आपल्याकडं’ म्हणून गेली ती.

मला ते सोसेना, म्हणून बोलू नये ते मी बोलले. “एवढं मागायचं होतं तर आधी मला सांगायचंस. कुठून देणार होतो आम्ही?”

“किती मागितलं?”

मी आकडा सांगितला. ती हसायलाच लागली आणि हसता हसता तिचा चेहरा उतरला.

“अक्का, मामा बाजारातला माणूस हाय. पयला आकडा कोण खरा धरतंय काय? तुम्ही कमी सांगशीला, मग आपण उतरायचं, असं त्याच्या मनात. दोन आठवडे वाट बगालाय तो. रोज फोन करून इचारतोय मला, अक्का काय बोलल्या काय म्हणून.”

“आणि तू? तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, अक्का इचारतील मला. हाय त्यात थोडं घातलं असतं तरी ऱ्हायले असते की मी. कॉलेजचं शेवटचं वर्ष हाय. आई हाय हितं.”

मी तिच्यासमोरच अध्यक्षांना फोन लावला. “बाई, सह्या झाल्या की हो,” ते म्हणाले. “त्या दोघी सोमवारी इकडे यायला निघणार. आता काय तोंडानं नको म्हणू?” मी तेच तेच बोलत राहिले, त्यांनी ऐकून घेतलं. मी फोन ठेवला तेव्हा ती पोहे संपवत होती, एकेक घास, खाली मान घालून. मला रडू फुटलं. तिच्यासमोर रडायचा मला काय हक्क? मी आत जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

बाहेर आले तर ती चपला घालत होती.

“माझ्यावर रागावू नकोस ग,” मी म्हणाले.

“रागावून काय करू? तुम्ही नसता तर मी आईसंगट शेतातच असते.” ती सरळ उभी राहिली, नेहमीप्रमाणे मला मान वर करावी लागली. “पण हितनं पुढं कुटंबी गेले तर आधी पैशाचं बोलणार, अक्का. मीच बोलणार. आणि कुणाच्या घरात ऱ्हाणार न्हाई.”

मी शिकवलेली एकही गोष्ट ती आजवर विसरली नव्हती.