कमजोर हृदयाची सूट

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलुथच्या इस्पितळात वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉ. बर्निस टॉफ्टी सहा वर्षं एका वाक्यासाठी भांडत होत्या. सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्याचा, संशय आला की तासाभरात दोन लिटर सलाईन, असा इस्पितळाच्या उपचार-समितीचा नियम. 'हृदय कमजोर असल्यास डॉक्टरने तपासून ठरवावे' एवढं त्यात घाला, असं बर्निसबाईंचं म्हणणं. याच नियमापायी फुप्फुसात पाणी भरून एल्सी हॉगन आजी त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या. तो राग काही केल्या शमत नव्हता.

समितीत तोंडावर 'नाही' कोणी म्हणत नसे. मिनेसोटाची भिडस्त माणसं ती! "हं, वेगळाच विचार आहे," म्हणून सगळे लिंबाच्या वड्यांकडे वळत. अध्यक्ष लायल क्रेनशॉंनी तर वीस वर्षांत रोग्याची नाडी धरली नव्हती.

नोव्हेंबरच्या बैठकीला लिफ्ट बंद होती. क्रेनशॉ तापलेल्या अंगाने पाच जिने चढले आणि दारातच कोसळले. खाटेवर घेऊन मॉनिटर लावला, तर तो सेप्सिसचा इशारा देत केकाटायला लागला. नर्स डार्लाने सलाईन लावलंसुद्धा.

"अगं नको! माझं हृदय कमजोर आहे!"

"नियमात तसा रकाना नाही, लायल," डार्ला म्हणाली. "सूट हवी तर समितीची मंजुरी लागते."

"समिती इथेच बसलीय की!"

"पण विषय तुमचाच," सचिव संकोचून म्हणाले. "तुम्हाला बाहेर जावं लागेल."

बाटलीसकट अध्यक्षांची खाट बाहेर ढकलली गेली. आत चर्चा रंगली. बर्निसबाई मात्र उठून बाहेर आल्या, त्यांची छाती ऐकली आणि सलाईन बंद केलं.

"कोणत्या कलमाखाली?" क्रेनशॉंनी धापा टाकत विचारलं.

"कलम गेलं खड्ड्यात. छाती भरत चाललीय तुमची."

त्यांनी बाईंचा हात घट्ट धरला. "बर्निस, तुझं वाक्य मी घालतोच."

शब्द पाळला हो त्यांनी. जानेवारीत नवा नियम आला. बाईंचं वाक्य जसंच्या तसं होतं, आणि खाली एक ओळ: 'ही सूट फक्त समितीच्या सदस्यांना.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. सदस्य व्हायला एका डॉक्टरची शिफारस पुरत असे. बाईंनी सदस्यत्वाच्या अर्जांचा गठ्ठाच उचलला आणि वॉर्डातल्या पहिल्या खाटेपाशी गेल्या. तिथे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, कमजोर हृदयाचे आर्विड स्कोग पडून होते.

"मी? समितीत? अहो, मला यातलं काय कळतं?"

"काही कळायला नको, आर्विड. सही करा. श्वास घेता येईल."