कापूस कोंबलेली बाटली

कोळवणहून पुण्याला जाणाऱ्या एसटीत तो तरुण दर महिन्याला भेटे. परतताना त्याच्या पिशवीत गोळ्यांची बाटली असे. ती वाजू नये म्हणून तो तीत कापूस कोंबी. मी आयुष्यभर औषधे विकली. एचआयव्हीच्या गोळ्या मी ओळखल्या. गेल्या खेपेस त्याला खोकताना धाप लागत होती. गावच्या डॉक्टरने खोकल्याचे पातळ औषध दिले होते.

“डॉक्टरांना खरा आजार सांग. हा न्यूमोनिया असेल,” मी म्हणालो.

“सांगितलं तर औषध मिळंल, आजोबा. पर मंग माज्या हातचं पानी कोन घेईल?”

या महिन्यात कंडक्टर म्हणाला, “साध्या खोकल्यानं गेला बिचारा. सारा गाव मातीला व्हता.”

मी काही दुरुस्त केले नाही. एवढ्यासाठीच तर त्याने जीव दिला होता.