बॉनेटवरचा हात

जीपला मी दणकेबाज आवाजाचा नवा सायलेन्सर बसवला आणि खालून खरखर सुरू झाली. नाक्यावरच्या मेकॅनिक चाचांना ऐकू येत नाही म्हटलं तरी चालेल. सहकारी साखर कारखान्यात ऊस गाळायच्या यंत्रापाशी त्यांची उमर गेली, कानही तिथंच गेले. ते बॉनेटवर तळहात ठेवतात, डोळे मिटतात, मग गाडीखाली शिरतात.

"पाइप शाफ्टला घासतोय. कशापायी बदलला रं?"

पाइप वर बांधून त्यांनी पुन्हा हात ठेवला. खरखर गेली होती. मी इंजिन बंद केलं, तरी हात हलेना.

"चाचा, बंद केली!" मी ओरडलो.

"ठाव हाय. दुष्काळात ऊस न्हाई म्हणून कारखाना बंद केला, तवा बी असाच हात ठिवून उभा व्हतो. थरथर थांबली आन् वळून बघितलं, तर समदे घरी गेलते."