पोळ्यातल्या पिलांचा वाटा

मी पाथर्डीकडची. लग्न होऊन आले ती अकोले तालुक्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या अंगाला. सातवी शिकलेली, पण स्वतःला तहसीलदारीण समजायची.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षी भात असं पिकलं की लोंब्या वाकून गेल्या. आणि नेमकं कापणीच्या दिवशी आभाळ भरून आलं. भिजलं असतं तर दाण्याला शेतातच मोड आले असते. म्हणून सासूबाईंनी इर्जिक घातली. शेजारणी आपापले विळे घेऊन आल्या. मजुरी नाही; आपण जेवू घालायचं आणि त्यांच्या कापणीला आपण जायचं.

दुपारच्या आत बांधावरच्या जाळीत मधाचं पोळं सापडलं. वाडीतल्या थोरल्या मावशींनी धूर करून ते उतरवलं आणि पळसाच्या पानांवर सगळ्यांना सारखे तुकडे दिले. माझ्या तुकड्यात मध कमी, माशांची पिलं, म्हणजे पांढऱ्या गुबगुबीत अळ्याच जास्त. एक तर चक्क हलत होती.

"ई! किडे खाता तुम्ही?" मी किंचाळले.

खाणाऱ्यांचे हात थांबले. वाटा नाकारला म्हणजे माणूस नाकारलं, हे या दीडशहाणीला कुठलं ठाऊक! सासूबाईंनी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यातल्या त्यात आभाळ बरं दिसत होतं.

मावशी म्हणाल्या, "सूनबाई, न्याहारीला चटणी वाढलीस ती कशाची गं?"

"सुकटीची. वाळलेल्या बारक्या कोळंबीची, माहेरच्या बाजारातली."

"तिला पाय किती हुते? मी मोजाया बसले असते तर उपाशीच राह्यले असते. पर खाल्ली ना तुझ्या हातची?"

"अन् मिशा?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या फिदीफिदी हसल्या.

मी डोळे मिटून तुकडा तोंडात टाकला. दुधाळ लागला, ओल्या शेंगदाण्यासारखा!

कुणी किडे खातं, कुणी नाही, असं का? नातवंडं विचारतात तेव्हा मी ठणकावून सांगते. माझ्या माहेरी अळी म्हणजे ज्वारीची वैरीण. वैरिणीला ताटात कोण घेईल? इथं रानानं दिलेला तो खाऊ. जिभेला वळण आई लावते, किळस आपण मागाहून शिकतो.

"मावशी, अजून हाय का?" तो पहिला तुकडा गिळून मी विचारलं. भाषासुद्धा तिथंच बदलली माझी.

"हाय की. पर आदी त्यो कोपरा काप. पोळं कुटं पळून न्हाई जात."

थेंब पडायला लागले तेव्हा शेवटचा भारा पडवीत येत होता. तो माझ्याच डोक्यावर होता, आणि पोळ्याच्या दुसऱ्या तुकड्यावर तोंड अजून चालूच होतं.