हन्नाबायचे बारा फोटो

पेणच्या बाबाजी ठाकुरांचं फोटोचं दुकान मोबाइलनं बसवलं, तरी वरून डोकावून बघायचा तो जुना रोलचा कॅमेरा त्यांनी विकला नाही. म्हणूनच रोह्याच्या यहुदी हन्नाबायनं त्यांना बोलावलं. तिच्या लग्नाचे फोटो याच कॅमेऱ्यावर बाबाजींच्या उस्तादांनी काढले होते. आता ऐंशीव्या वर्षी लेक मायकल तिला कायमची इस्रायलला न्यायला आला होता. विमानतळाची मोटार साडेचारला निघणार होती.

अंधाऱ्या माजघरात प्रवासाआधी देवाला दाखवायच्या मलिद्याचं ताट मांडलं होतं. पोहे, खोबरं, गूळ, फळं. फ्लॅश बारा वेळा उडाला, बाराही वेळा म्हातारी लेकाकडे बघून हसली. रोल संपला. मलिदा खाऊन बाबाजी स्टेशनावर आले.

बाकावर कॅमेरा पुसताना फ्लॅशच्या खटक्यावर नजर गेली. खटका एमवर! एम जुन्या बल्बांसाठी, ते पेटायला वेळ घेत. आजचा फ्लॅश तिथे लावला तर पडदा उघडायच्या आतच उजेड उडून जातो. काल साफसफाईत त्यांच्याच बोटानं तो सरकला असणार. संपलेला रोल काढून, कॅमेऱ्याचं मागचं दार उघडं ठेवून, काळोख्या कोपऱ्याकडे रोखून, डोळा लावून त्यांनी बटण दाबलं. काळोख. पुन्हा दाबलं. काळोखच. खटका आजच्या फ्लॅशसाठीच्या एक्सवर आणला तेव्हा कुठे भिंगातून लख्ख दिसलं.

म्हणजे बाराच्या बारा गेले. समोर पेणची गाडी लागली होती. चढावं, चार दिवसांनी रोलच खराब निघाला म्हणून फोन करावा. तसं करणारी माणसं असतात आणि सुखानं झोपतातही. बाबाजी भित्रे खरे, पण खोटं बोलायला त्यांना त्याहून जास्त भीती वाटे. चार वाजले होते. पिशवीत एक जादा रोल होता.

ते हन्नाबायच्या घरी पोचले तेव्हा सामान मोटारीत चढत होतं.

"हन्नाबाय, माज्याकडून चूक झाली. येक पन फोटो आला नाय."

"आता नाय हां काका, उशीर होतोय!" मायकल गाडीतूनच ओरडला.

म्हातारी मात्र बाबाजींच्या हातांकडे बघत होती. "तुजे हात का कापतान रे?"

"भ्यायलोय गो बाय."

"मी पन," ती म्हणाली. "सकालपासून. पोराला कसं सांगू? तिथं माज्याशी बोलंल कोन?"

दाराच्या चौकटीवर पवित्र वचनाची डबी होती. तिच्यावर हात ठेवून ती उभी राहिली. बाबाजींनी नवा रोल भरून खटका तीनदा तपासला. हसा म्हणायचं त्यांनी टाळलं, तीही हसली नाही.

फ्लॅश उडाला. उघड्या काचेतून आईचं बोलणं ऐकलेल्या मायकलनं ड्रायव्हरला मोटार बंद करायला लावली आणि तो आईशेजारी येऊन उभा राहिला.