खंडेनवमीला पुजलेलं कार्ट्रिज

शुद्धलेखनाची माफी आधीच मागते. चौथीत शाळा सुटली, त्यामुळे कुठं पहिली वेलांटी द्यायची आणि कुठं दुसरी, हे मी अंदाजानं ठरवते. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. घरात छापायचं मशीन असून हातानं लिहितेय, कारण टाइप करायला बसले तर खिडकीतून कोणीही डोकावून वाचेल. हे कोणाला दाखवायचं नाही. मनातली भीती एकदा कागदावर उतरवून बघायची, एवढंच.

आमची रस्त्याकडची खोली हेच दुकान. अंथुर्ण्यात उसाच्या गाड्या ज्या रस्त्यानं जातात त्याच रस्त्याला लागून. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि प्रिंट. मालक, म्हणजे माझा नवरा, बारामतीच्या एमआयडीसीत पाळीवर असतात, धाकट्या दिरांनी दुकान सुरू केलं आणि ते पुण्याला नोकरीला गेले. जाताना पेनड्राइव्ह कसा लावायचा, फाइल कशी उघडायची, किती प्रती ते कुठं टाकायचं, एवढं मला शिकवून गेले. जुनं मशीन बंद पडल्यावर नवा लेझर प्रिंटर घ्यायला मी बचत गटातून कर्ज काढलं. पैसे इंदापूरच्या बँकेतून आले. गटातल्या बायकांनी माझ्यासाठी सह्या केल्या.

सह्या झाल्या त्या दिवसापासून माझी झोप गेली. आमच्या गटात एकीचं फिटलं की पुढचीला कर्ज मिळतं, एकीचा हप्ता थकला की पुढचीचं अडतं. माझ्या पुढची बाई म्हणजे शेजारच्या काकू. त्यांना म्हैस घ्यायची होती. रोज सकाळी अंगण झाडताना त्या भिंतीवरून विचारायच्या, "चाललंय नव्हं गं मशीन?" दुसरं काही नाही. पण मी तो प्रश्न दिवसभर पोटात घेऊन फिरायचे.

हप्ता निघायचा तो डेअरीच्या कामातून. आमच्याकडं दुधाचा हिशोब दहा दिवसांनी होतो. कोणाचं किती लिटर, किती फॅट, काय भाव, असं प्रत्येकाचं बिल छापून लागतं. हे काम डेअरीचे सचिव आबा माझ्याकडं द्यायचे. ते काम गेलं की हप्ता गेला, हप्ता गेला की काकूंची म्हैस गेली. मी कागद छापत असताना हेच डोक्यात फिरायचं.

प्रिंटरसोबत आलेलं कार्ट्रिज संपलं तेव्हा मी बारामतीला गेले. दुकानदारानं कंपनीच्या कार्ट्रिजचा भाव सांगितला. चार हजारांच्या वर. मी पिशवी उचलली.

"ओ ताई, थांबा की," तो म्हणाला. "हे बघा. साडेपाचशे. पानं तेवढीच निघत्यात."

"डुप्लिकेट?"

"डुप्लिकेट न्हवं. कंपॅटिबल म्हणत्यात. ह्याच मशीनसाठी दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं. खोटं नाव टाकून विकत्यात ते डुप्लिकेट. ह्याच्यावर त्याचं स्वतःचं नाव हाय, बघा."

"मशीन जळंल का?"

तो हसला. बाजूला उभं असलेलं गिऱ्हाईकही हसलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण दुकानदार माणूस बरा होता. त्यानं खोकं उघडून सगळं दाखवलं. आडवं धरून हलकं हलवायचं म्हणजे आतली पावडर सारखी बसते. मग पट्टी ओढून काढायची. आणि ही झडप आहे ना, तिच्या आत जे निळं चकचकीत नळीसारखं दिसतंय, तो ड्रम. त्याला बोट लावायचं नाही, ऊन दाखवायचं नाही. "बाकी बिनघोर वापरा," तो म्हणाला. "पयलं एकच घ्या. पटलं तर पुढचं. बिल जपून ठिवा, पावडर गळाली तर बदलून देतो."

घरी येऊन ते बसवलं आणि कॉम्प्युटरवर एक चौकट आली. इंग्रजीत. वर पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह. मला वाटलं, कंपनीला कळलं. वायरमधून कळलं. मी आधी इंटरनेटची वायर उपसली, मग दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत अंधारात बसून राहिले. रस्त्यावर कुठली गाडी थांबली की शटरखालून बघायचे. त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकांना मी लाइट नाही म्हणून सांगितलं, आणि वर पंखा फिरत होता.

शेवटी दुकानदाराला फोन लावला. चौकटीचं कसंबसं सांगितलं. तो म्हणाला, "तितं ओके लिहिलंय का? दाबा. कंपनीचं न्हाय एवढंच सांगतंय ते. दर येळी सांगंल. आपन दर येळी दाबायचं."

दाबलं. पान निघालं. काळंभोर, स्वच्छ. मी अंगठा ओला करून अक्षरांवर घासला, पुसलं गेलं नाही. तरी पुढं कित्येक दिवस ती चौकट आली की मी आधी रस्त्याकडं बघायचे आणि मगच ओके दाबायचे.

त्या कार्ट्रिजवर हप्ते सुरळीत जायला लागले. उरलेले पैसे मी हप्त्याच्या वर थोडे थोडे भरत होते, कधी एकदा हे ओझं उतरतंय असं झालं होतं. दुसरं कार्ट्रिजही तसंच आणलं. ते बसवून थोडेच दिवस झाले होते आणि खंडेनवमी आली.

आमच्याकडं त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. कोयता, खुरपं, शिलाई मशीन, ट्रॅक्टर, सगळं धुऊनपुसून मांडायचं, हळदीकुंकू लावायचं. पूजेला बसलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही, दुसऱ्या दिवशी फूल-अक्षता वाहूनच हलवायची. प्रिंटरला मी बाहेरून कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि पुरणाचं बघायला आत गेले. पण सासूबाईंचं समाधान होईना. मी त्यांना आत्या म्हणते.

"खोक्याला कसली पूजा करतीस?" आत्या म्हणाल्या. "ह्याचं इंजान कुठं हाय?"

मी आतूनच हसून म्हटलं, "पोटात हाय, आत्या. काळं काळं." मला वाटलं, विषय संपला.

बाहेर आले तर पाटावर खुरप्याशेजारी कार्ट्रिज. मी बदलताना त्यांनी बघितलं होतं, झाकण उघडून त्यांनी ते बरोबर बाहेर काढलं होतं. झडप मागं सारून आतल्या निळ्या ड्रमवर पाच बोटं उमटवली होती, ओल्या हळदीची, वर कुंकू. पाट दारात. दारातून ऊन थेट त्याच्यावर. आत्या हात जोडून बसलेल्या, चेहरा प्रसन्न.

मला उचलायचं होतं. हात पुढं गेलाही.

"हां!" आत्या ओरडल्या. "मांडलेलं हलवतीस? येडी का खुळी?"

मी हात मागं घेतला. ड्रमची भीती होती आणि देवाचीही होती, आणि दोन्हीत मोठी कुठली हे मला ठरवता येईना. झाकावं म्हटलं तर घरात जाड कापड होतं ते काळं, ते पूजेवर घालता येईना. शेवटी मी पाटाच्या आणि दाराच्या मध्ये बसले, माझी सावली त्याच्यावर पडेल अशी. आत्यांना वाटलं, सुनेला भक्ती आली. दुपार कलेपर्यंत मी तिथंच सरकत सरकत बसले. जेवायला उठले तेवढा वेळ ऊन पडलंच.

दुसऱ्या दिवशी फूल वाहिलं आणि ड्रम पदरानं पुसला. हळद सुकून घट्ट बसली होती. घासली तसा बारीक ओरखडा उठला. आबांचा पेनड्राइव्ह आलेला होता, संध्याकाळच्या दुधाला बिलं वाटायची होती. मी देवाचं नाव घेऊन छापायला सुरुवात केली.

पानं राखाडी निघाली. आणि प्रत्येक पानावर, दर चार बोटांच्या अंतरावर, काळ्या डागांची रांग. नीट बघितलं तर बोटांचे ठसे. मला वाटलं, पुढं पुढं जातील. नाही गेले. नवी प्रत काढायला वेळ नव्हता, डेअरीचं पोरगं दारात उभं होतं. मी तीच बिलं दिली आणि आत जाऊन पाणी प्यायले.

अंधार पडायच्या आत आबा स्वतः आले. हातात बिलांचा गठ्ठा.

"सूनबाई, हे काय हाय?"

मी वरचं बिल उजेडाला धरलं.

"लोक मला विचारत्यात, आबा, फॅटवर बोट कुणी ठिवलं? एक म्हणतोय साडेचारचं चार केलं, वर काळं फासलं. दुधात पानी चालतंय लोकास्नी, बिलात डाग चालत न्हाय." ते रागावले नव्हते, त्यानं मला जास्त भीती वाटली. "स्वस्तातली पावडर भरतीस म्हनं तू. कोन तरी बोललं. उद्या सांजच्या दुधाला चांगली बिलं दे. न्हाय तर पुढच्या टायमाला मी काटेवाडीत बघतो कुनीतरी."

भिंतीपलीकडं काकूंच्या बांगड्या वाजल्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार. पण त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही, आणि ते मला विचारण्यापेक्षा वाईट वाटलं.

सकाळी कार्ट्रिज जुन्या टॉवेलात गुंडाळून मी बारामतीची एसटी धरली. रुमालात हप्त्याचे पैसे बांधले होते. नवीन घ्यावं लागलं तर त्यातूनच घ्यायचं आणि मग गटात काय तोंड दाखवायचं, हा विचार करत बसले. काटेवाडी आली तेव्हा वाटलं, इथंच उतरावं आणि परत जावं. एक गोष्ट मनात पक्की केली होती: दुकानात गेल्यावर काही बोलायचं नाही. नुसतं बिल पुढं करायचं. तो म्हणालाच होता, खराब निघालं तर बदलून देतो.

त्यानं टॉवेल सोडला, झडप सारली, उजेडाकडं धरून बघितलं. मग नाकाशी नेलं.

"ताई, हळद हाय ही."

मी बिल पुढं केलं.

"आनि कडंला कुंकू. पूजा केली व्हय ह्याची?"

मी मान हलवली. दुकानातला एक जण म्हणाला, "आरं, नारळ फोडायचा राहिला का काय?" सगळे हसले. मला रडू यायला लागलं. ते गिळायचा प्रयत्न केला तर उचकी लागली. दुकानदारानं त्या माणसाकडं असं बघितलं की तो गप झाला.

"आत्यांनी केली," मी म्हटलं. इतकंच मला म्हणता आलं. "मला ठावं होतं ऊन लागू द्यायचं न्हाय. पन मांडलेलं उचलता येत न्हाय."

"न्हायच उचलत," तो म्हणाला. "आमच्यातबी न्हाय उचलत. आवो, मीबी परवा ह्या सगळ्या खोक्यांस्नी कुंकू लावलंय. पन बाहेरनं."

मग त्यानं कागद अंथरला, दोन बारीक खिळे काढले आणि ड्रम बाहेर घेतला. "हे बदलून देता येनार न्हाय ताई, ह्यात मालाची चूक न्हाय. पन आख्खं कशाला टाकायचं? पावडर भरलेली हाय. ड्रम तेवढा नवा घालतो. दीडशे द्या. ड्रमवरची पावडर खरवडनारी आतली पट्टी पुसून देतो, तिचं पैसं न्हाय." आणि खाली बघतच म्हणाला, "कंपनीचं महागातलं असतं तर आज चार हजार पुजलं असतं तुमच्या आत्यांनी."

मी रुमाल सोडला. नोटा त्यानंच वेगळ्या केल्या आणि बाकीच्या मला परत बांधून दिल्या.

घरी येऊन सगळी बिलं पुन्हा छापली. प्रत्येक पान उजेडाला धरून बघितलं. संध्याकाळी ती घेऊन मी स्वतः डेअरीत गेले. एरवी मी तिकडं जात नाही, तिथं सगळे पुरुष किटल्या घेऊन उभे असतात. त्यांच्यामधून वाट काढत आबांपर्यंत गेले. आबांनी वरचं एक बिल घेतलं, अंगठ्याला थुंकी लावली आणि फॅटच्या आकड्यावर घासली. घासतच राहिले. मला वाटलं, आता पुसणार. मग त्यांनी अंगठा बघितला आणि धोतराला पुसला.

"वाटा रं," ते पोराला म्हणाले. पुढच्या दहाव्या दिवशी पेनड्राइव्ह आला, तेव्हा मला कळलं की काम गेलेलं नाही.

आत्यांना मी जमेल तसं समजावलं. बोटं छापली गेली हे ऐकून त्या घाबरतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "म्हंजे माझा हात घराघरात गेला की गं, दुधाबरोबर." मग हळूच विचारलं, "लई पैसं गेलं का?" मी नाही म्हटलं.

दीडशेचा खड्डा मी लॅमिनेशनच्या पैशांतून भरला. त्या हप्त्याला मला एक दिवस उशीर झाला, आणि तो एक दिवस मी परसातच काढला, भिंतीकडं गेलेच नाही. त्यानंतर कार्ट्रिजं तिथूनच आणत राहिले, एक संपायच्या आधी दुसरं, आणि उरलेलं सगळं गटात भरत गेले. पैसे फिटत होते, भीती मात्र कमी व्हायचं नाव घेत नव्हती. उलट, जसा आकडा खाली येत गेला तसं वाटायचं की आता शेवटच्या पायरीवर काही तरी होणार.

शेवटच्या हप्त्याची बैठक समाजमंदिरात होती. आमच्या गटात रीत आहे, पैसे देणारीनं किती देतेय ते मोठ्यानं सांगायचं, म्हणजे सगळ्याजणी साक्षीला. आजवर माझ्या वतीनं शेजारची कोणी तरी सांगायची. त्या दिवशी अध्यक्ष बाई म्हणाल्या, "शेवटचा हाय, आज तूच सांग." सगळ्याजणी माझ्याकडं बघायला लागल्या. काकू तर अगदी समोरच, पदर डोक्यावर ओढून, म्हशीवाल्याला दिलेला शब्द पाळायचा म्हणून नोटांकडं डोळे लावून बसलेल्या.

मी उभी राहिले. रक्कम सांगितली. कोणाला ऐकू गेली नाही. "मोठ्यानं गं," काकू म्हणाल्या.

परत सांगितली. अध्यक्ष बाईंनी नोटा मोजल्या, शेजारणीकडं दिल्या, तिनंही मोजल्या. मग म्हणाल्या, "हिचं सगळं फिटलं. काही राहिलं न्हाय." आणि पुढच्या कर्जाला काकूंचं नाव घेतलं.