पेल्याचा रकाना

सत्तावन्न साली फ्लूची साथ अमरावतीत आली तेव्हा दातांचा डॉक्टर म्हणून काम करू लागून मला दोन वर्षं झाली होती. आम्ही घरचे सगळे आदल्या वर्षी बौद्ध झालो होतो. त्याआधी, शिकून बाहेर पडलो तेव्हा, पदवी हातात असूनही मला कोणी जागा देत नव्हतं. दिली ती एकाच ज्येष्ठ डॉक्टरांनी. त्यांना मी सर म्हणायचो. त्यांच्याविषयी घरात कोणी वावगा शब्द काढला तर मी जेवण टाकून उठत असे.

आमच्या कामात रोग्याचं तोंड वीतभरावर असतं. तो खोकला की थेट आपल्या तोंडावर. आठवड्याभरात सर तापाने आडवे झाले आणि दवाखाना माझ्यावर आला. मी यादी केली. कवळ्या आणि दात भरणं बंद. फक्त सूज आणि न सोसणारा ठणका. नाकातोंडावर दुपदरी फडकं. चिमटे दर वेळी वीस मिनिटं उकळायचे. चूळ भरायला प्रत्येकाने पेला घरून आणायचा, वकील असो की हमाल. नोंदवहीत नाव, गाव, दात यांच्यापुढे मी पेल्याचा चौथा रकाना आखला आणि आणलेल्याच्या नावापुढे खूण करू लागलो. वही संपेपर्यंतची पानं एका दुपारी आखून टाकली.

सर बरे होऊन आले. वही पाहून म्हणाले, हे मला सुचलं नसतं. मी कितीतरी दिवस त्यावर खूश होतो.

पावसाळा सरता साथ ओसरली. काचेचे पेले पुन्हा फळीवर आले, माझ्या पानांवर रकाना रिकामा राहू लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी मी सरांच्या अकोल्याच्या खोलीवर रोगी पाहायला जायचो. त्या दोन दिवशी इथली वही सर लिहीत; ती पानं मी कधी उलटून पाहिली नाहीत.

दिवाळीनंतर एका बुधवारी वलगावहून मामा आला. गाल सुजलेला, पिशवीत पितळी पेला. साथ केव्हाच गेली, पेला कशाला आणला, मी विचारलं.

"साहेबानं सांगतलं मांगच्या खेपेले. आपल्या लोकाइनं आणाचाच म्हणे. आन् शुक्रवारीच या म्हणे. पण तवापरेंत कोन सोसन?" मग माझ्याकडे पाहत राहिला. "तुले मालूम नाई?"

मी त्याचा दात काढला आणि फळीवरच्या पेल्याने चूळ भरायला लावली. मग वही उघडली. मंगळवार, शुक्रवार, सरांचं अक्षर. खुणा असलेली सगळी नावं आमच्या लोकांची होती. रकाना माझाच होता.

सर आल्यावर वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि मिटली.

"बाकीचे पेशंट तुटतील रे. तुला कधी वेगळं वागवलं का मी?"

नाही, असंच म्हणणार होतो. तेवढ्यात कंपाउंडर चहा घेऊन आला. सरांचा आणि त्याचा कप पांढरा, दोघांचे एकसारखे. माझा निळ्या पट्टीचा. पहिल्या दिवशी सरांनीच तो हातात दिला होता, हा तुझा म्हणून. दोन वर्षं मी घरी कौतुकाने सांगत होतो की दवाखान्यात माझा स्वतःचा कप आहे.

चहा न घेता मी मामाची पिशवी उचलली आणि त्याला मोटारस्टँडवर सोडायला गेलो. परत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या ताब्यातल्या वस्तूंची यादी करून सामान पाठवलं. चिमटे सहा, आरसे दोन, अकोल्याच्या खोलीची किल्ली. खाली लिहिलं, कप एक, निळ्या पट्टीचा, दवाखान्यातच आहे.